रात्रपाळीच्या मावशींचे नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हते: ठाण्यातील एका रुग्णालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे ठाण्यातल्या एका धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयाचे प्रकरण आहे. खाटा दीडशेच्या आसपास. रुग्ण येतात ते कळवा, मुंब्रा, दिवा, वागळे इस्टेट, वर्तकनगर या भागांतून. मोठ्या खासगी रुग्णालयाचे बिल झेपत नाही म्हणून घोडबंदर रोडवरूनही काही जण येतात. रुग्णालयाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. मी स्वतः नर्सिंगमधून आले, पुढे गुणवत्ता विभागात काम करू लागले आणि कर्मचाऱ्यांच्या सन्मानाची पद्धत बदलली त्या काळात इथल्या समितीच्या बैठकांना बसत होते.

दर वर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, इथे परिचारिका दिन होतो. दिवे लावून शपथ, केक, एका विश्वस्तांचे भाषण आणि शेवटी ‘उत्कृष्ट परिचारिका’ म्हणून एका सिस्टरला शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. निवड मेट्रन आणि प्रशासकीय अधिकारी करत. निकष ठरलेले होते: हजेरी, वक्तशीरपणा, नोंदी पूर्ण असणे, गणवेश, सेवेची वर्षे. यातला एकही निकष वावगा नाही. पण रुग्णाला त्यात जागाच नव्हती. केसपेपर चोख ठेवणारी आणि रुग्णाशी दोन शब्द न बोलणारी सिस्टर या यादीत पहिली येऊ शकत होती.

मावशी, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार तर या यादीत कधीच नव्हते. ते सगळे कंत्राटदाराचे. सन्मान परिचारिकांचा, त्यामुळे त्यांचा प्रश्नच येत नाही, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. हे फक्त याच रुग्णालयात घडते असे नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून दिला जातो. तो परिचारिका, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आणि एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) यांच्यासाठी आहे. तो असावाच. पण रुग्णाचे अंग पुसणारे, त्याला बेडपॅन देणारे, कूस बदलणारे हात बहुतेक वेळा मावशींचे असतात आणि त्यांच्यासाठी कुणाकडेच काही नसते.

अडचण

एका वर्षी १२ मेच्या कार्यक्रमाला पुरुष मेडिकल वॉर्डातून कुणीच आले नाही. वॉर्ड भरलेला आहे, सोडता येत नाही, असा निरोप आला. निरोप खराच होता. पण मेट्रनना कळले की सुटी असलेल्या सिस्टरही आल्या नव्हत्या. त्याच महिन्यात त्या वॉर्डातल्या दोन अनुभवी सिस्टरनी राजीनामे दिले. एक आखातात निघाली होती, दुसरीला घराजवळ काम मिळाले होते. निघताना पगाराबद्दल दोघीही बोलल्या. त्यासोबत दोघींनी हेही सांगितले की इथे आपण काय करतो ते कुणाला दिसत नाही.

कोविडची आठवणही ताजी होती. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या आणि ३ मे रोजी सैन्यदलांनी रुग्णालयांवर फुले उधळली. त्याच दिवसांत आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले होत होते, म्हणून २२ एप्रिलला साथरोग कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती करावी लागली. या रुग्णालयातल्या एका सिस्टरला तिच्या सोसायटीत लिफ्ट वापरू दिली नव्हती. त्यामुळे सन्मान म्हटले की कर्मचाऱ्यांचे चेहरे कोरे होत, आणि मला ते स्वाभाविक वाटते.

अशात एक पत्र आले. कळव्याच्या एका बाईंनी वहीच्या फाडलेल्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहिलेले. त्यांचे वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातले निवृत्त टर्नर. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, बोलणे गेलेले. पुरुष मेडिकल वॉर्डात तीन आठवडे होते. बाईंनी लिहिले होते की रात्रीच्या मावशी आधी पडदा ओढायच्या, मग पांघरूण काढायच्या. स्टीलचे बेडपॅन गार लागते म्हणून गरम पाण्याने धुऊन, पुसून मग द्यायच्या. दर दोन तासांनी कूस बदलताना वडिलांशी लेथ मशीनबद्दल बोलत राहायच्या: कुठला जॉब लावायचात, किती सुताचं काम असायचं. परक्या बाईकडून हे सगळे करून घेताना वडील लाजेने डोळे मिटून घ्यायचे, ते हळूहळू थांबले. घरी नेले तेव्हा पाठीवर एक चट्टाही नव्हता. पत्राच्या शेवटी विनंती होती: मावशींचे नाव मला विचारता आले नाही, कृपया त्यांना एवढे सांगा.

मेट्रननी नाव शोधायला घेतले आणि रुग्णालयाच्या एकाही रजिस्टरमध्ये ते सापडेना. नर्सिंगच्या ड्युटी लिस्टवर ‘मावशी १’ एवढेच लिहिलेले. शेवटी कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडून नाव मिळाले. मावशी त्या वॉर्डात सहा वर्षे रात्रपाळी करत होत्या.

व्यवस्थापनाच्या पुढच्या बैठकीत मेट्रननी भाषण केले नाही. त्यांनी पत्र वाचले आणि त्याखाली ड्युटी लिस्ट ठेवली.

जी काळजी नीट घेतली गेली, तिची खूण उरत नाही

पर्यायांकडे जाण्याआधी त्या न झालेल्या चट्ट्याबद्दल बोलले पाहिजे, कारण सगळा प्रश्न त्यात आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे माकडहाड, खुबे, टाचा सतत टेकून राहतात. तिथला रक्तपुरवठा दबतो आणि कातडी मरायला लागते. उपाय साधा आहे आणि अत्यंत कंटाळवाणा: दर दोन तासांनी कूस बदलणे, अंग कोरडे ठेवणे, चादरीला सुरकुती न ठेवणे. रुग्णाला ओढायचे नाही, ड्रॉशीटने, म्हणजे अंगाखालच्या आडव्या चादरीने, उचलून वळवायचे, कारण ओढले की कातडी घासते. हे रात्री दोनला, चारला, सहालाही करावे लागते. बेडसोअर झाला तर त्याचा फॉर्म भरला जातो, चौकशी होते, आकडा गुणवत्ता विभागाकडे येतो. झाला नाही तर कागदावर काहीही येत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालात या सेवेची मुद्दाम दखल घेतलेली आहे. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नव्हता, ही गोष्टही न्यायालयासमोर आली होती. इतकी वर्षे पिढ्यान्‌पिढ्या सिस्टर बदलत गेल्या आणि ती पाठ जपली गेली. मुंबई-ठाण्यातल्या कुठल्याही सिस्टरला हे सांगावे लागत नाही. त्या बैठकीतही एका ज्येष्ठ सिस्टरने केईएमचे नाव काढले आणि सगळ्यांना मुद्दा समजला.

समोर आलेले पर्याय

प्रशासकीय अधिकाऱ्यांचे म्हणणे होते, पुरस्कार बंद करा आणि १२ मेला सगळ्यांना सारखी भेटवस्तू द्या. डब्यांचा सेट दिला की कुणी नाराज होणार नाही. यात समानता होती, पण त्या पत्राला उत्तर नव्हते. मनुष्यबळ विभागाने ‘महिन्याचा मानकरी’ सुचवला: गुण द्यायचे आणि लॉबीत फोटो लावायचा. एका तरुण विश्वस्तांनी रुग्णांच्या अभिप्रायाच्या गुणांवर रोख बक्षीस ठेवायला सांगितले.

मी डेझी पुरस्काराचे उदाहरण मांडले. पॅट्रिक बार्न्स नावाचे अमेरिकन गृहस्थ १९९९ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित आजाराने गेले. त्यांच्या शेवटच्या आठवड्यांत परिचारिकांनी ज्या मायेने त्यांना सांभाळले, त्याबद्दल आभार मानायला कुटुंबाने हा पुरस्कार सुरू केला. तिथे नामांकन म्हणजे एक गोष्ट असते. रुग्ण, नातेवाईक किंवा सहकारी लिहितात की या सिस्टरने अमुक केले. हा गाभा सगळ्यांना पटला. पण तो प्रामुख्याने परिचारिकांचा पुरस्कार आहे आणि आमच्या हातातले पत्र मावशींबद्दल होते.

रोख बक्षिसावर सर्वांत जास्त वाद झाला. पैशाला माझा विरोध नाही. या लोकांना पैसे कमीच मिळतात. पण मॅटर्निटी वॉर्डात काय चालते ते सगळ्यांना ठाऊक होते. बाळ झाले की ‘खुशी’ मागितली जाते, मुलगा असेल तर जास्त. ज्याच्याकडे नाही तोही उसने काढून देतो, बाळ-बाळंतिणीकडे दुर्लक्ष होईल या भीतीने. अशा ठिकाणी रुग्णाच्या शब्दाला रोख रक्कम बांधली तर उद्या कार्डासाठीही आर्जवे सुरू होतील, असे मेट्रन म्हणाल्या. तो पर्याय तिथे संपला.

ठरले ते असे: रोख नाही, स्पर्धा नाही, वर्षाचा एक विजेता नाही. घडलेली ठोस गोष्ट लिहून घ्यायची, पडताळायची आणि ज्याची आहे त्याला त्याच्या सहकाऱ्यांसमोर वाचून दाखवायची.

काय केले

कार्डावर तीनच प्रश्न ठेवले: काय केले? केव्हा? कुठल्या वॉर्डात? नाव माहीत असल्यास लिहा, नसल्यास आम्ही शोधू. कार्ड मराठी आणि हिंदीत. लिहिता न येणाऱ्यांकडून समाजसेविका ऐकून लिहून घेणार.

कार्ड केव्हा द्यायचे हा किरकोळ वाटणारा प्रश्न निघाला महत्त्वाचा. पहिल्या महिन्यात ते डिस्चार्जच्या फाइलसोबत दिले. त्या वेळी नातेवाईक बिलिंग काउंटर आणि टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीच्या) मंजुरीत अडकलेले असतात, सकाळी सुट्टी मिळालेला रुग्ण संध्याकाळपर्यंत कपडे घालून बसलेला असतो. कार्डे कोरी परत आली किंवा ‘सर्व स्टाफ चांगला आहे’ एवढेच. मग टाके काढायला किंवा फेरतपासणीला ओपीडीत येतात तेव्हा द्यायला सुरुवात केली. आठवडाभर घरी राहून आलेल्या माणसाला नेमके काय आठवते ते तेव्हा कळले. ज्यांचा माणूस गेला, त्यांना कार्ड द्यायचे नाही, असे एकमताने ठरले. कागदपत्रांसाठी ते परत येतात तेव्हा स्वतःहून काही बोलले तर समाजसेविकेने फक्त ऐकायचे आणि विचारून मगच लिहायचे.

समितीत मेट्रन, समाजसेविका, एक निवासी डॉक्टर, एका जुन्या रुग्णाची पत्नी आणि एक मावशी. मावशींना समितीत घेण्यावर मनुष्यबळ विभागाची हरकत होती. कंत्राटी कामगाराला रुग्णालयाच्या समितीत बसवले, लेटरहेडवर पत्र दिले, तर उद्या तो कायम नोकरीचा दावा करताना हीच कागदपत्रे पुढे करेल, ही भीती. कायदेशीर सल्लागारांनी पत्राचा मसुदा तपासून दिला आणि हरकत मागे पडली. मला त्या हरकतीचा राग आला होता, आजही येतो. सहा वर्षे रात्री जागलेल्या बाईला ‘आभारी आहोत’ लिहून द्यायला वकिलाची सही लागावी, ही परिस्थिती आपणच निर्माण केलेली आहे.

पहिले वाचन पुरुष मेडिकल वॉर्डात झाले, रात्री आठच्या ओव्हरला, म्हणजे एक पाळी दुसरीला रुग्णांची माहिती सोपवते तेव्हा. दुपारची आणि रात्रीची पाळी तेव्हाच एकत्र असते. मेट्रननी कळव्याच्या बाईंचे पत्र आजाराचा आणि नावाचा उल्लेख गाळून वाचले. मावशी हातातली बादली खाली ठेवायचे विसरून तशाच उभ्या होत्या. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मशीनचं नाव काढलं की बाबा डावा हात दाबायचे. म्हणून मी बोलत राहायचे. त्यांना कळतंय, असं वाटायचं.”

इनचार्ज सिस्टर एकदम म्हणाली, “हे तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?”

“मला कोण विचारतं ओव्हरला, सिस्टर?”

बोलणे गेलेला रुग्ण ठरावीक विषयाला प्रतिसाद देतो, ही डॉक्टरांच्या राउंडमध्ये सांगण्यासारखी गोष्ट होती. ती तीन आठवडे एका माणसाला माहीत होती आणि केसपेपरवर आलीच नव्हती. सन्मानाच्या योजनेतून इतके महत्त्वाचे काही हाती लागेल, अशी कुणाची अपेक्षा नव्हती. पुढच्या आठवड्यापासून त्या वॉर्डात मावशींना ओव्हरला उभे करून ‘तुम्हाला काय दिसलं?’ असे विचारायची पद्धत पडली. माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत मोलाचे पाऊल हेच, आणि ते कुठल्याही आराखड्यात नव्हते.

एक अवघड कार्ड

काही महिन्यांनी महिला वॉर्डातून एक कार्ड आले. सिस्टर सकाळी आल्या, बदली सिस्टर आली नाही म्हणून दुपार आणि मग रात्रही त्यांनीच काढली, जेवल्याही नाहीत, तरी हसतमुख होत्या. कुटुंबाने मनापासून लिहिले होते. समितीतल्या दोघांना वाटले, याहून मोठे समर्पण कुठले? हे तर १२ मेला सगळ्यांसमोर वाचले पाहिजे.

समितीतल्या मावशी म्हणाल्या, “शाबासकी द्या, पण परत असं करायला लावू नका.”

चर्चा लांबली. सलग चोवीस तास जागलेल्या माणसाच्या हातून औषधाच्या मात्रेत चूक होण्याचा धोका वाढतो, हे निवासी डॉक्टरांनी ठामपणे मांडले, आणि निवासी डॉक्टरांना हे अनुभवाने ठाऊक असते. शेवटी कार्डाचे दोन भाग केले. त्याच कुटुंबाने लिहिले होते की सिस्टरनी आईला नळीतून दूध कसे द्यायचे ते सुनेकडून समोर बसवून करून घेतले, घाई केली नाही. तेवढा भाग वॉर्डात वाचला. डबल ड्युटीचा भाग त्याच दिवशी प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे लेखी गेला, आणि त्यावर काय केले हे समितीला कळवावे, असे नोंदवले. त्या सिस्टरला आधी थोडे वाईट वाटले. मेट्रननी तिला बोलावून कारण सांगितले. ते आधीच सांगायला हवे होते.

परिणाम

अशी कार्डे साठत गेली तसे एक चित्र दिसू लागले. पुरुष मेडिकलमध्ये रात्री एकच मावशी असते आणि कूस बदलायला दुसरा माणूस मिळत नाही, हे वेगवेगळ्या कुटुंबांनी आपापल्या शब्दांत लिहिले होते. मेट्रन तीच मागणी अनेक वर्षे करत होत्या. या वेळी त्यांनी नातेवाइकांचे शब्द विश्वस्तांपुढे ठेवले आणि त्या वॉर्डाला रात्रीसाठी दुसरी मावशी मंजूर झाली. सिस्टरांच्या संख्येबाबत मात्र काही हलले नाही.

ड्युटी लिस्टवर ‘मावशी १’ लिहिणे बंद झाले, आता नाव असते. १२ मेचा कार्यक्रम चालू आहे, पण तिथे वर्षभरातली काही कार्डे वाचली जातात आणि पुरुष मेडिकलची माणसे येतात. मॅटर्निटीतली ‘खुशी’ थांबलेली नाही. सन्मानाची कार्डे तिचा बंदोबस्त करतील ही आशा काही विश्वस्तांना होती, ती चुकीची होती. तो कमी पगाराचा आणि देखरेखीचा प्रश्न आहे. राजीनामे थांबले असेही म्हणता येणार नाही. जर्मनीसाठी भाषा शिकणाऱ्या सिस्टर आजही आहेत आणि त्यांनी जावे, चांगले कमवावे.

खासगी खोल्यांतून कार्डे जास्त येतात, जनरल वॉर्डातून कमी. आयसीयूतून जवळजवळ येतच नाहीत, कारण रुग्णाला काही आठवत नाही आणि नातेवाईक दाराबाहेर असतात. ऑपरेशन थिएटर, सीएसएसडी (उपकरणे निर्जंतुक करणारा विभाग), स्वयंपाकघर यांच्याबद्दल रुग्ण लिहिणारच नाही. म्हणून सहकाऱ्यांनी लिहायची वेगळी कार्डे नंतर आली.

वेगळे काय करता आले असते

कंत्राटदाराला सुरुवातीपासून बैठकीत घ्यायला हवे होते. वर्षअखेरीस कंत्राट दुसऱ्या संस्थेकडे गेले तेव्हा जुन्या कामगारांना ठेवायचे की नाही यावर घोळ झाला. रात्रपाळीच्या मावशी राहिल्या त्या मेट्रननी पत्राची प्रत घेऊन स्वतः पाठपुरावा केला म्हणून. ज्यांच्याबद्दल कुणी कार्ड लिहिले नव्हते अशा तीन मावशी गेल्या. त्या कमी मायेने काम करत होत्या असे कुणीच म्हणणार नाही. पुढच्या निविदेत वॉर्डातले अनुभवी कामगार कायम ठेवण्याची अट घालावी, असा प्रस्ताव आता विश्वस्तांकडे आहे.

कार्डांच्या पेटीत तक्रारीही येत होत्या. त्या कुणाकडे द्यायच्या हे ठरलेले नसल्याने पहिल्या काही तक्रारी तशाच पडून राहिल्या. त्यातली एक वॉर्डबॉयने रुग्णाला रागावल्याची होती आणि कुटुंबाला उत्तर मिळायला खूप उशीर झाला. कौतुक वेचून घेणारे रुग्णालय तक्रार बाजूला ठेवते, असा समज एकदा झाला की लोक कार्ड भरत नाहीत. तक्रारीचा मार्ग पहिल्या दिवशी आखा.

आयसीयूसाठी एक सूचना अजून अमलात आलेली नाही: रुग्ण वॉर्डात आल्यावर आयसीयूतल्या सिस्टरने एकदा येऊन त्याला भेटावे. मला ती फार आवडते. त्यासाठी दुपारच्या पाळीत अर्ध्या तासाची मोकळीक लागेल, आणि ती सध्याच्या संख्येत निघत नाही.